स्नायूची ताजी दुखापत: सूज, दाह आणि उपचारांची तुलना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धावताना मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो, उडी मारताना पोटरीत कळ जाते, समोरच्याचा गुडघा मांडीवर आदळतो. अशा ताज्या दुखापतींबद्दल हे पान आहे. हाड मोडणं, सांधा निखळणं किंवा वर्षानुवर्षं दुखणारी पाठ हे विषय इथे घेतलेले नाहीत. गोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते प्रौढांसाठी आहे.

दुखापतीनंतर स्नायू सुजतो, म्हणजे आत नेमकं काय होतं?

स्नायूचे तंतू तुटतात आणि त्यांच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही. म्हणून पहिल्या काही मिनिटांतला फुगवटा बराचसा रक्ताचा असतो. दाह त्यानंतर सुरू होतो. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, मागोमाग मॅक्रोफेज येतात. मॅक्रोफेजची पहिली फळी पाडकाम करणाऱ्या मजुरांसारखी असते: मेलेले तंतू खाऊन जागा मोकळी करते. दोन-तीन दिवसांत याच पेशींचं रूप पालटतं आणि त्या बांधकामाच्या सूचना देऊ लागतात. वाढीला चालना देणारी द्रव्यं त्यांच्यातून स्रवतात. तंतूंच्या कडेला निपचित बसलेल्या सॅटेलाइट पेशी, म्हणजे स्नायूच्या मूळ पेशी, त्यामुळे जाग्या होतात. या पेशी ॲलेक्झांडर मौरो यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दाखवल्या. नवे तंतू त्यांच्यापासूनच बनतात.

पहिले काही दिवस साफसफाई, पुढचे दोन-तीन आठवडे भरून येणं आणि त्यानंतर कित्येक आठवडे व्रणाची घडण, असा हा साधारण क्रम आहे. सीमारेषा काटेकोर नसतात, एक टप्पा दुसऱ्यात मिसळतो.

म्हणजे दाह चांगला? मग तो कमी करायचाच नाही का?

जेवढा हवा तेवढा होऊ द्यायचा. तो पूर्ण दाबला तर साफसफाई अर्धवट राहते आणि तंतूंच्या जागी व्रणाची ऊती जास्त भरते. वेदनाशामक ज्या कॉक्स-२ विकराला (एन्झाइमला) अडवतात, तो जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांमध्ये दुखावलेला स्नायू उशिरा भरून येतो असं दिसलं आहे. दुसऱ्या बाजूने, रक्तस्राव फार झाला तर आतला दाब वाढतो, दुखणं असह्य होतं, स्नायू हलवता येत नाही, आणि न हलवलेला स्नायू कमजोर होत जातो.

त्यामुळे ‘सूज सगळ्यांत लवकर कशाने उतरेल’ या प्रश्नापेक्षा ‘स्नायू लवकरात लवकर सुरक्षितपणे कामाला कशाने लागेल’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. खालचे सगळे उपचार मी याच मापाने मोजले आहेत. त्यामुळे काही लाडक्या उपायांना कमी गुण पडले आहेत.

बर्फ लावावा की लावू नये? दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे लोक भेटतात.

विश्रांती, बर्फ, दाब आणि अंग उंचावर ठेवणं ही चौकडी ‘राइस’ या नावाने १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केली. साडेतीन दशकांनी त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबत असावं. त्यानंतर ‘बर्फ घातक आहे’ अशी लाट आली. पुरावा मात्र त्या लाटेइतका एकतर्फी नाही.

२०११ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांचा स्नायू चिरडून त्यावर लगेच वीस मिनिटं बर्फ ठेवला. मॅक्रोफेज उशिरा आले, नवे तंतू कमी पक्व राहिले आणि व्रण जास्त पडला. पण ती दुखापत जबर होती. २०२३ मध्ये मोजकेच तंतू मेलेल्या सौम्य दुखापतीवर असाच प्रयोग झाला, तेव्हा बर्फाने स्नायू उलट चांगला भरून आला. शिवाय उंदराचा पाय केवढा आणि माणसाची मांडी केवढी! माणसात कातडीखाली चरबीचा थर असतो. कातडी बधिर झाली तरी खोलवरच्या स्नायूचं तापमान फारसं उतरत नाही.

माणसांच्या बाबतीत एवढं नक्की म्हणता येतं: बर्फाने वेदना काही काळ कमी होते. स्नायू त्यामुळे लवकर भरून येतो, असं कोणी दाखवलेलं नाही. माझ्या मते पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं फार असेल तर फडक्यात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटं लावावा, तासा-दोन तासांनी हवा तर पुन्हा. दुखत नसेल तर ‘नियम आहे’ म्हणून लावायची गरज नाही. कातडीला थेट बर्फ लावू नये, बांधून झोपू नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आणि थंडीने बोटं पांढरी पडणाऱ्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊ नये.

बर्फाच्या पाण्यात बसणं जास्त परिणामकारक नाही का?

खेळाडूंना आवडतं, बरं वाटतं. पण २०१७ च्या एका अभ्यासात जोरदार व्यायामानंतर थंड पाण्यात बसलेल्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा हलकी सायकल चालवलेल्यांपेक्षा दाह कमी आढळला नाही. ताकद वाढवण्याच्या व्यायामानंतर दर वेळी हे केलं तर स्नायूची वाढ कमी होते, असंही दिसलेलं आहे.

शेक कधी घ्यायचा?

पहिले दोन-तीन दिवस नाही. रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तस्राव वाढू शकतो. पुढे, आखडलेपणा उरला असेल, तर व्यायामाआधी कोमट शेक बरा वाटतो. बरं वाटण्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक की पॅरासिटामोल?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर अनेकांना पटत नाही: साधं पॅरासिटामोल.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच घराण्यातली, दाहविरोधी औषधं. ती प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीरात बनू देत नाहीत. हे काम कसं चालतं ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या बाबतीत दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रोस्टाग्लँडिनमुळे दुखतं आणि सूज येते, हे खरं. पण त्यातलंच एक, पीजीई-२, स्नायूच्या मूळ पेशींना वाढायला लावतं, हे २०१७ मध्ये उंदरांवरच्या कामातून पुढे आलं. म्हणजे गोळी ज्या रसायनाला अडवते, त्याचीच स्नायूला गरज असते.

याचा माणसांत किती फरक पडतो? दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी मोठं नुकसान होतं, असा पुरावा नाही. पण मोठा फायदा होतो, असाही नाही. १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, फाटलेल्या ४४ जणांवर चाचणी झाली. काहींना या घराण्यातली दोनपैकी एक गोळी आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली. फिजिओथेरपी सगळ्यांना मिळाली. गोळीने बरं होण्यात भर पडली नाही. दुखापत जास्त गंभीर असलेल्यांत तर सातव्या दिवशी औषध नसलेल्या गोळीवाल्यांनाच कमी दुखत होतं. मऊ ऊतींच्या ताज्या दुखापतींवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनचा (चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) २०२० चा आढावा सांगतो की वेदनेच्या बाबतीत ही औषधं आणि पॅरासिटामोल यांच्यात फरक दिसत नाही, पोटाचे त्रास मात्र या औषधांनी किंचित जास्त होऊ शकतात. परिणाम सारखा आणि जोखीम कमी, तर निवड अवघड नाही.

पॅरासिटामोलची दिवसाची कमाल मर्यादा प्रौढाला ४ ग्रॅम. यकृताचा आजार, कमी वजन किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा बरीच खाली येते. सर्दीच्या आणि ‘कॉम्बिनेशन’च्या गोळ्यांतही तेच लपलेलं असतं, ते बेरजेत धरा.

डायक्लोफेनॅकचं जेल किंवा स्प्रे चोळून उपयोग होतो?

हो, आणि गोळीच्या आधी जेलचा विचार करावा. अमेरिकेतल्या फिजिशियन आणि फॅमिली डॉक्टरांच्या संघटनांनी २०२० मध्ये संयुक्त मार्गदर्शन दिलं. कंबरदुखी सोडून स्नायू-सांध्यांच्या ताज्या दुखापतींसाठी त्यात पहिली पसंती अशा जेललाच आहे. गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडं औषध जातं, त्यामुळे पोट आणि मूत्रपिंडं बरीचशी वाचतात. मात्र या चाचण्यांत घोटा मुरगळण्यासारख्या वरवरच्या दुखापती पुष्कळ होत्या. मांडीच्या गाभ्यात खोल फाटलं असेल तर तितक्या गुणाची खात्री देता येत नाही. जखम असलेल्या कातडीवर लावू नये, आणि हलक्या हाताने पसरावं. रगडायचं नाही.

झणझणणारे मलम आणि गार वाटणारे स्प्रे मेंदूचं लक्ष दुसरीकडे वळवतात. दाहावर त्यांचा म्हणण्यासारखा परिणाम नाही.

ही दाहविरोधी गोळी कोणी घेऊच नये?

पोटात अल्सर झालेला किंवा रक्तस्राव होऊन गेलेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, हृदयविकार असेल (डायक्लोफेनॅक तर नकोच), ॲस्पिरिनने दमा उसळत असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, किंवा गर्भारपण असेल, विशेषतः २० आठवड्यांनंतर, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डेंग्यूची शंका असलेला ताप असेल तर अजिबात नाही. आणि एक गट असा आहे जो स्वतःला या यादीत धरत नाही: लांब पल्ल्याचे धावपटू. घामाने शरीर सुकलेलं असताना घेतलेली आयबुप्रोफेन मूत्रपिंडांवर थेट ताण टाकते.

सूज उतरवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या मिळतात. त्या घ्याव्यात?

सेराटिओपेप्टिडेज हे त्यातलं सगळ्यांत परिचित नाव. रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून ते मिळालं. जपानमध्ये ते अनेक वर्षं विकलं गेलं. मग नव्याने केलेल्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरेना, म्हणून मूळ कंपनीने २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. इतर ठिकाणी ते अजून चिठ्ठीवर असतं. सवयीपलीकडे मला त्याचं कारण दिसत नाही.

आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या?

फाटलेला स्नायू आखडतो तो स्वतःला जपण्यासाठी. गोळीने झोप आणि सुस्ती येते, तंतू जुळत नाहीत. त्यातल्या थायोकोल्चिकोसाइडबद्दल तर युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये बंधनं घातली: तोंडावाटे सलग सात दिवसांपेक्षा जास्त नाही, गर्भारपणात आणि स्तनपान चालू असताना नाही, कारण शरीरात त्यापासून बनणारं एक द्रव्य पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतं. ताज्या ओढलेल्या स्नायूसाठी मी तरी याची शिफारस करणार नाही.

एक स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर लवकर मैदानावर जाता येईल का?

सूज आणि वेदना झपाट्याने उतरेल, आणि तिथेच धोका आहे. १९९९ मध्ये मार बसलेल्या उंदरांच्या स्नायूवर हे करून पाहिलं. पहिल्या दोन दिवसांत ताकद बरी दिसली, पण पुढच्या दोन आठवड्यांत स्नायू झिजत गेला. दाह पुरता दाबल्याची किंमत इतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. व्यावसायिक खेळाडूंमध्ये निवडक वेळी ते दिलं गेलं आहे आणि चांगल्या निकालाचे अहवालही आहेत, पण त्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. स्पर्धक खेळाडूंसाठी आणखी एक गोष्ट: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात सगळ्याच प्रकारची स्टिरॉइड इंजेक्शनं निषिद्ध केली आहेत.

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्ताचं इंजेक्शन. त्यावर खर्च करावा?

आपलंच रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट दाट करायच्या आणि फाटलेल्या जागी टोचायच्या, ही कल्पना आकर्षक आहे. पण नेदरलँड्समध्ये ८० खेळाडूंवर चाचणी झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णाला आणि टोचणाऱ्याला दोघांनाही सिरिंजमध्ये प्लेटलेट आहेत की खारं पाणी हे ठाऊक नव्हतं. मैदानावर परतण्याच्या वेळेत फरक पडला नाही. त्याच वर्षी मलेशियातल्या एका लहान अभ्यासात फायदा दिसला, पण तिथे तुलनेतल्या गटाला इंजेक्शनच नव्हतं, म्हणजे सुईच्या मानसिक परिणामाचा हिशेब झाला नाही. कोणालाही मी हा खर्च सुचवणार नाही.

क्रेप बँडेज आणि पाय उंच ठेवणं?

बँडेजने बरं व्हायला लागणारे दिवस घटतात, असं ठामपणे दिसलेलं नाही. तरीही पहिल्या काही तासांत रक्तस्रावाला दाब देण्यामागचा तर्क साधा आहे आणि तोटा कमी. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा ठणका वाढला तर ताबडतोब सैल करा. पाय उंच ठेवण्याचा पुरावा त्याहूनही तुटपुंजा आहे, पण त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

सुजलेल्या जागी मालिश?

पहिल्या दोन-तीन दिवसांत हात लावू नका. साकळलेलं रक्त ‘मोकळं’ करायला जोरात रगडणं म्हणजे नुकत्या बंद झालेल्या वाहिन्या पुन्हा उघडणं. मद्यपान आणि धावणंही त्या काळात बाजूला ठेवा.

अल्ट्रासाउंडचं यंत्र, लेझर, रंगीत टेप?

स्नायू भरून येण्यावर परिणाम दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. यंत्राखाली घालवलेली पंधरा मिनिटं व्यायाम शिकण्यात गेली तर जास्त पदरात पडेल.

विश्रांती किती घ्यायची?

लोकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी. इथेच सगळ्यांत मोठा फरक पडतो आणि नेमकं इथेच दुर्लक्ष होतं, कारण व्यायाम गोळीसारखा गिळता येत नाही.

डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. व्यायाम दोघांना तेच. एका गटाने दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरुवात केली, दुसऱ्याने नऊ दिवसांनी. २०१७ मध्ये निकाल आला: पहिल्या गटाचा परतण्याचा मध्यक (मधोमधचा आकडा) ६२.५ दिवस, दुसऱ्याचा ८३. आठवडाभराची जादा विश्रांती जवळजवळ तीन आठवड्यांना पडली. या पानावरच्या कुठल्याही गोळीने किंवा सुईने एवढा फरक पाडलेला नाही.

व्यायामाचा प्रकारही महत्त्वाचा. २०१३ मध्ये स्वीडनच्या ७५ फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासात हॅमस्ट्रिंग लांब होत असताना त्यावर भार देणाऱ्या व्यायामांनी सरासरी २८ दिवसांत परतता आलं. नेहमीच्या व्यायामांना ५१ दिवस लागले.

म्हणजे करायचं काय? पहिले एक-दोन दिवस दुखणारी हालचाल टाळा, गरज लागली तर कुबड्या घ्या. मग स्नायू न हलवता हलकेच आवळून धरणं, नंतर हालचालीसह, मग वजन घेऊन, आणि शेवटी लांबवत ताकद लावणं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. ते दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळलं तर भार जास्त झाला असं समजून एक पायरी खाली या. ताजा फाटलेला स्नायू पहिल्या दिवसांत जोरात ताणून ‘मोकळा’ करायचा मोह मात्र आवरा.

डॉक्टरांच्या भाषेतही हा बदल उतरला आहे. २०१२ मध्ये ‘पोलिस’ हे नवं सूत्र आलं, त्यात विश्रांतीच्या जागी योग्य मात्रेतला भार आला. २०१९ च्या ‘पीस अँड लव्ह’ मध्ये तर बर्फ गायब झाला आणि दाहविरोधी गोळ्या टाळा असं स्पष्ट लिहिलं गेलं. गोळ्यांच्या बाबतीत ते सूत्र पुराव्याच्या थोडं पुढे धावलं आहे असं मला वाटतं, पण दिशा बरोबर आहे.

मांडीवर समोरून जोरात मार बसला. त्यालाही हेच लागू?

बरंचसं, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मांडीच्या पुढच्या स्नायूवर मुका मार बसल्यावर गुडघा लगेच, सोसेल तितका, शक्यतो १२० अंशांपर्यंत वाकवून बांधतात आणि साधारण २४ तास तसाच ठेवतात. त्यामुळे आतल्या रक्तस्रावाला दाब मिळतो आणि गुडघा ताठ होत नाही. दुसरी गोष्ट: साकळलेल्या रक्तात कधीकधी हाड तयार होऊ लागतं. दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरण्याऐवजी गाठ टणक होत गेली आणि गुडघा कमी वाकू लागला तर एक्स-रे काढा. अशा मांडीला सुरुवातीला केलेली जोरदार मालिश आणि जबरदस्तीने दिलेला ताण यामुळे हा धोका वाढतो.

काळंनिळं कुठे दिसतं तेही पाहा. रक्त स्नायूच्या आवरणाबाहेर आलं असेल तर डाग दोन-तीन दिवसांत खाली उतरतो, भयंकर दिसतो, पण बहुधा लवकर बरा होतो. बाहेर काहीच दिसत नाही आणि स्नायू आतून तट्ट फुगलेला आहे, ही अवस्था जास्त रेंगाळते.

नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, तीही दुखापतच का?

ती वेगळी. रग बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, दोन्ही बाजूंना पसरून असते आणि एक ते तीन दिवसांत कळसाला जाऊन उतरते. फाटलेला स्नायू त्याच क्षणी कळवतो, आणि बोटाने दाखवता येतो. रगेला औषध लागत नाही. रोज गोळी घेऊन व्यायाम करणाऱ्या तरुणांनी मात्र जपावं: २०१८ च्या अभ्यासात आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जायचं?

स्नायूत हाताला खड्डा लागतो किंवा तो गोळा होऊन सरकलेला दिसतो. पायावर भारच देता येत नाही. गोळीला दाद न देणारा, वाढतच जाणारा ठणका आणि पाय दगडासारखा टणक, बोटं बधिर: यात तासांचा हिशेब असतो, थेट रुग्णालय गाठा, शस्त्रक्रिया लागू शकते. लघवी काळपट-तपकिरी झाली. ताप आला. काही दिवसांनी पोटरी अचानक सुजली, गरम झाली किंवा दम लागू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे तपासावं लागतं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी साध्या वाटणाऱ्या मारालाही दाखवावं.

गोळी घेऊन उद्याचा सामना खेळू का?

नाही. गोळी न घेता दुसऱ्या पायाइतकी ताकद लागते, पूर्ण वेगाने धावता येतं, अचानक थांबता येतं, दाबल्यावर दुखत नाही, असं झाल्यावर खेळा. गोळीने यातली एकही गोष्ट लवकर होत नाही. ती फक्त कळू देत नाही की अजून झालेली नाही.